दर महिन्याचा सायकल-मुक्काम आणि सुटलेले दोन महिने

ताईने वर्षभरासाठी एक साधा नेम धरला होता. दर महिन्याला एकदा सायकलवर सामान बांधून निघायचं, रात्र बाहेर तंबूत काढायची आणि दुसऱ्या दिवशी सायकलनेच घरी यायचं. पहिले चार महिने नेम पाळला गेला. पाचवा महिना सुटला, सहावाही सुटला. सातव्यापासून मात्र एकही सुटलेला नाही आणि आता चौदावा चालू आहे. हे लिखाण त्या दोन सुटलेल्या महिन्यांबद्दल आहे. ते कशाने सुटले आणि सातव्या महिन्यात असं काय बदललं, हे आम्ही दोघांनी बसून शोधलं. जे सापडलं ते तिच्या परवानगीने मांडतोय.

मी तिचा धाकटा भाऊ. सायकल मीही चालवतो, पण या मुक्कामांना ती एकटीच जाते. मी दोनदाच सोबत होतो. ताई ४४ वर्षांची आहे, काम हिशेबाचं, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. घरी भाऊजी आणि शाळेत जाणारी मुलगी. सायकलचा सराव चांगला आहे, पन्नास किलोमीटर तिला जड जात नाहीत. म्हणजे शरीर आड येत होतं असं म्हणायला जागा नाही.

हौसही उसनी नव्हती. सायकली बनवणाऱ्या ग्रँट पीटरसन या अमेरिकी माणसाने अशा छोट्या मुक्कामाला ‘एस२४ओ’ असं आटोपशीर नाव दिलं आहे: चोवीस तासांच्या आत जाऊन यायचं, मध्ये एक रात्र बाहेर. ताईला ही कल्पना आवडली ती त्यातल्या हिशेबामुळे. लांबच्या सफरीला रजा लागते, खर्च लागतो, घरची व्यवस्था लावावी लागते. याला एक शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ पुरते. चार वर्षं सायकलने जग फिरलेला ब्रिटिश प्रवासी अ‍ॅलिस्टर हम्फ्रीज पुढे याच धर्तीवर घराजवळच्या एका रात्रीची बाजू मांडू लागला. त्याचं म्हणणं असं की कचेरी संध्याकाळी पाचला सुटते आणि सकाळी नऊला उघडते, मधले सोळा तास आपलेच असतात. ज्याने सगळं जग पाहिलं तो घराजवळच्या रात्रीबद्दल एवढ्या जिव्हाळ्याने बोलतो, याचं ताईला फार अप्रूप वाटलं.

हौस होती, ताकद होती, वेळही निघत होता. तरी महिने सुटले, म्हणून मला हे प्रकरण नीट पाहावंसं वाटलं.

वहीतले आकडे

हिशेबाची सवय असल्याने ताईने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली. निघण्याआधी एक आकडा: आजची रात्र कशी जाईल असं वाटतं, दहापैकी किती. परत आल्यावर दुसरा आकडा: प्रत्यक्षात कशी गेली. सोबत अंतर, सामानाचं वजन, बांधाबांधीला लागलेला वेळ आणि दोन-चार ओळी.

पहिल्या महिन्यात निघताना ८, परतल्यावर ६. दुसऱ्यात ६ आणि ७. तिसऱ्यात ४ आणि ८. चौथ्यात ४ आणि ५. मग दोन कोरी पानं.

पहिल्या महिन्यातला आठ म्हणजे नव्या नवलाईचा आकडा. अंतर ४६ किलोमीटर, सामान १४ किलो, बांधाबांधीला दोन तास चाळीस मिनिटं. पोचेपर्यंत अंधार झाला, तंबू टॉर्चच्या उजेडात लावला आणि झोप तुटक लागली. तिने खाली लिहिलं होतं, “सारखी जाग येत होती. बहुतेक मला हे जमणाऱ्यातलं नाही.”

या ओळीपाशी मी थांबलो, कारण त्यातला निष्कर्ष चुकीचा होता. नव्या जागी पहिल्या रात्री झोप हलकी लागते, हे झोपेच्या प्रयोगशाळांना फार पूर्वीपासून माहीत आहे. तिथे पहिल्या रात्रीच्या नोंदी बऱ्याचदा बाजूलाच ठेवतात. २०१६ साली ब्राऊन विद्यापीठातल्या मासाको तामाकी आणि सहकाऱ्यांनी त्यामागचं एक कारण दाखवलं. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही आणि बारीकसारीक आवाजांना तो जास्त प्रतिसाद देतो. म्हणजे ताईचा मेंदू पहारा देत होता, आणि नव्या जागी त्याने तेच करायला हवं. ती मात्र ते स्वतःच्या स्वभावाचं वैगुण्य समजून बसली होती. दुसरा महिनाही नव्या जागी, ३८ किलोमीटरवर. पुन्हा तसंच. तिसऱ्या महिन्यात उशीर झाला म्हणून नाइलाजाने १८ किलोमीटरवरची एक जागा निवडली: ओळखीच्या माणसाच्या जमिनीचा कडेचा तुकडा, त्याची रीतसर परवानगी, हाकेच्या अंतरावर त्याचं घर. तिथे तिला पहिल्यांदा सलग पाच तास झोप लागली. ही जागा पुढे फार कामाला आली.

“माझ्यात जिद्द नाही”

सहावा महिना संपला तेव्हा मी विचारलं, “ताई, बंद केलंस का?”

“बंद नाही केलं रे. होत नाहीये. तेवढी जिद्द नाही माझ्यात.”

हे उत्तर मला पटलं नाही. जी बाई मुलीच्या परीक्षेच्या काळात रोज पहाटे साडेचारला उठते, तिच्यात जिद्द नाही हे कसं मानायचं? शिवाय या उत्तराने पुढचा रस्ताच बंद होतो, कारण जिद्द वाढवायची कशी हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी तिला पाचव्या महिन्यातला तो पहिला शनिवार तासातासाने आठवायला सांगितला. वही समोर होतीच.

दुपारपर्यंत घरातली कामं. चार वाजता तिने माळ्यावरून तंबू काढला आणि त्याला वास येत होता. चौथ्या महिन्यात रात्रभर पाऊस झाला होता. तंबू ओलाच गुंडाळून आणला आणि ‘उद्या वाळत घालू’ म्हणून ठेवला, तो तसाच राहिला. तंबूच्या कापडावर पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर असतो. ओल धरून ठेवली की तो खराब होतो, चिकट होतो, त्याला कुबट वास येतो. बुरशीचे ठिपकेही पडले होते. तिने तंबू उलगडून वाळत टाकला. हेडलॅम्प चार्ज केलेला नव्हता. सायकलचा पंप मुलीने कुठेतरी ठेवला होता. कुठे जायचं तेही ठरलेलं नव्हतं, म्हणून नकाशा उघडला. तोवर साडेपाच झाले. अंधारात तंबू लावायची पहिल्या महिन्यातली आठवण ताजी होती. “पुढच्या शनिवारी जाऊ,” ती म्हणाली. पुढच्या शनिवारी पाहुणे आले, त्यापुढच्या शनिवारी पावसाचा अंदाज होता, आणि महिना संपला.

सहाव्या महिन्याची गोष्ट याहून छोटी आणि मला जास्त गंभीर वाटते. “बाराच्या बारा करायचे होते,” ती म्हणाली, “एक गेला म्हटल्यावर वर्षाचं गणितच मोडलं. मग सहाव्यात वहीच उघडली नाही.” खाण्यावर बंधन घालणाऱ्या लोकांचा अभ्यास करताना जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांना हेच दिसलं होतं. बंधन एकदा मोडलं की माणूस थोडक्यावर थांबत नाही. मोडलंच आहे तर सगळंच सोडून देतो. अखंड बारा महिन्यांचा नेम ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्याच्यात एक चूक सामावून घ्यायला जागा नसते.

त्या शनिवारी ताईचं मन मागे पडलं होतं का? पडलं असेल, पण ते सगळ्यात शेवटी. त्याआधी ओला तंबू, उतरलेली बॅटरी, हरवलेला पंप, न ठरलेली जागा आणि मावळता सूर्य असे पाच अडथळे लागोपाठ आले. यातला एकही मुक्कामाच्या रात्रीतला नव्हता, पाचही घरातले होते. तिला रात्रीची धास्ती नव्हती. दमलेल्या शनिवारी दुपारी “आज जायचं का?” हा प्रश्न नव्याने सोडवावा लागत होता, आणि अशा वेळी त्याचं उत्तर नाही असंच येणार.

सवय लागेल, ही चुकीची आशा

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण ताई त्यावरच विसंबून होती. “चार-सहा महिने रेटलं की सवय लागेल,” असं ती म्हणायची. सवयीवरचा एक नावाजलेला अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला. त्यात ९६ जणांनी रोजची एखादी छोटी कृती निवडली होती. ती आपोआप घडू लागायला मध्यकाने ६६ दिवस लागले. कुणाला १८ लागतील तर कुणाला २५४, एवढी तफावत होती. रोजच्या कृतीला ६६ दिवस. महिन्यातून एकदा होणाऱ्या गोष्टीला तेवढ्याच आवृत्त्या लागतील असं धरलं, तर साडेपाच वर्षं होतात. आणि दोन आवृत्त्यांमध्ये महिनाभराचं अंतर असताना ती सवय मुरेल याचीही खात्री नाही.

हे गणित मी मांडलं तेव्हा ताई गप्प झाली, मग हसली. “म्हणजे वाट बघण्यात अर्थ नाही,” ती म्हणाली. मला वाटतं या प्रकरणाला वळण इथे लागलं. मुक्काम आपोआप घडणार नाही, प्रत्येक वेळी घडवावा लागेल, हे तिने मान्य केलं. मग प्रश्न एवढाच उरला की घडवणं किती स्वस्त करता येईल.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तिला दिलासा देऊन गेली. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. तिने वहीच्या पहिल्या पानावरचं ‘१२ पैकी १२’ खोडलं.

सातवा महिना

सगळ्यात आधी परतीचा दिवस बदलला. ताईचा नियम असा झाला की रविवारी घरी आल्यावर अंघोळीच्या आधी तंबू उलगडायचा. तो पूर्ण वाळून घडी होईपर्यंत मुक्काम संपला असं मानायचं नाही. पाऊस नसला तरी हे करावंच लागतं. निरभ्र रात्री तंबूचं बाहेरचं कापड आकाशाकडे उष्णता टाकत भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतं आणि त्यावर दव धरतं. आतून आपल्या श्वासातली वाफ जमते. कोरड्या रात्रीनंतरही सकाळी तंबू ओलाच असतो, तो नुसता ‘पावसात न भिजलेला’ असतो. मग हेडलॅम्प आणि फोनची पॉवर बँक चार्जिंगला, पंक्चरचं सामान पाहून जागच्या जागी, आणि सगळं एका पिशवीत दाराजवळ. स्लीपिंग बॅग मात्र त्या पिशवीत कोंबायची नाही. महिनाभर दाबून ठेवली की तिच्यातलं भरण चपटं होतं, फुगत नाही आणि ऊब कमी होते. ती खुंटीला मोकळी टांगलेली असते, निघताना दोन मिनिटांत भरली जाते. सातव्या महिन्यात बांधाबांधीला ३५ मिनिटं लागली. दहाव्यापासून ती १८ मिनिटांवर स्थिरावली आहे.

मला विचाराल तर बाकी सगळं यानंतर येतं. पुढच्या मुक्कामाची उमेद आदल्या मुक्कामाच्या रविवारी कमवावी लागते. कारण रविवारी घरी आलेल्या माणसाला मुक्काम कसा गेला ते ताजं आठवत असतं आणि त्याच्याकडून काम करून घेणं सोपं असतं. चार आठवड्यांनी शनिवारी दुपारी सोफ्यावर बसलेला माणूस वेगळा असतो.

मग तारीख. “कधी जायचं हे मी ठरवलं की मी बदलणारही मीच,” ताई म्हणाली, “दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं पाहिजे.” दुसरं कुणी म्हणजे तिने चंद्र धरला. पौर्णिमेच्या सगळ्यात जवळचा शनिवार, हा नियम. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस जातात, त्यामुळे महिन्याचा ताल साधारण सांभाळला जातो. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रात्रभर वर असतो, म्हणून एकटीने मुक्काम करताना उजेडाची सोबतही मिळते. वर्षाच्या सगळ्या तारखा एका बैठकीत काढून घरातल्या कॅलेंडरवर लिहिल्या. प्रत्येक तारखेपुढे एक राखीव तारीख, पुढचा शनिवार. भाऊजींना आणि मुलीला त्या आधीपासून माहीत असल्याने “या शनिवारी कशाला?” हा संवादच बंद झाला. आपली वेळ मागून घेताना तिला दर वेळी थोडं अपराधी वाटायचं, तेही कमी झालं. घरात ही गोष्ट बोलली जात नव्हती, पण ताईला ती जड होत असणार असं मला आधीपासून वाटत होतं.

जागा तिने एकच ठेवली, ती अठरा किलोमीटरवरची. मी विरोध केला होता. दर वेळी तीच जागा म्हणजे कंटाळा येईल असं माझं मत होतं, आणि ते चुकीचं ठरलं. ओळखीच्या जागी झोप लागते, पाणी कुठे आणि वारा कुठून हे माहीत असतं, नकाशा उघडावा लागत नाही. शिवाय एकाच झाडाखालून दर महिन्याला पाहिलं की सूर्य दर वेळी क्षितिजावर वेगळ्या ठिकाणी उगवलेला दिसतो. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास, हा सरकाव सगळ्यात वेगाने होतो आणि एका महिन्यातला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. शाळेत शिकलेली ही गोष्ट ताईने ४४व्या वर्षी पहिल्यांदा पाहिली. वहीत तिने त्या झाडाचं चित्र काढून दर महिन्याची उगवतीची जागा रेघेने दाखवली आहे.

निघण्याची वेळही सूर्यास्तावरून मागे मोजून येते. सामानासह अठरा किलोमीटरला तिला सव्वा तास लागतो, तंबू आणि अंथरुणाला अर्धा तास. म्हणजे सूर्यास्ताच्या दोन तास आधी सायकल दाराबाहेर हवी. राहिलेल्या अडचणींसाठी तिने ‘जर-तर’ वाक्यं लिहिली. “जर शुक्रवारी रात्रीच्या अंदाजात गडगडाट असेल, तर राखीव तारीख. जर नुसता पाऊस असेल, तर मोठी ताडपत्री घेऊन निघायचं. जर दमलेली असेन, तर तिथे जाऊन लगेच झोपायचं.” आधीच बांधलेल्या अशा वाक्यांचा उपयोग पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने पुष्कळ तपासला आहे. २००६ साली त्याने आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या आणि परिणाम मध्यम ते मोठा निघाला. तिसरं वाक्य मला सगळ्यात आवडतं. दमणं हे न जाण्याचं कारण होतं, ते तिथे लवकर झोपण्याचं कारण झालं.

सामान १४ किलोवरून साडेआठ किलोवर आलं. चूल, भांडी, खुर्ची, दुसरा कपड्यांचा जोड गेला. जेवण घरून बांधून. पण थंडीच्या बाबतीत तिने वजन वाढवलं, आणि ते बरोबर केलं.

थंडी

चौथ्या महिन्यात ती पहाटे तीनला कुडकुडत उठली होती. स्लीपिंग बॅग चांगली होती, खाली मात्र एक पातळ मॅट होती. अंगाखाली दबलेल्या भरणात हवा उरत नाही, म्हणून खालून बॅगची ऊब फारशी मिळत नाही. जमिनीकडे जाणारी उष्णता मॅटच अडवते. मॅटची ही ताकद आर-व्हॅल्यूने मोजतात आणि दोन मॅट एकावर एक ठेवल्या की त्यांची बेरीज होते. ताईने नवं काही न घेता फोमची दुसरी मॅट जोडली. बॅगवरच्या तापमानाच्या आकड्यांचंही तसंच. ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे दोन आकडे असतात. कम्फर्ट हा प्रमाण स्त्री-शरीर आरामात पडलं आहे असं धरून काढतात, लिमिट हा प्रमाण पुरुष-शरीर अंग मुडपून झोपलं आहे असं धरून. ताई इतके दिवस लिमिटचा आकडा वाचत होती.

जागाही तीस मीटर वर सरकवली. थंड हवा जड असते, रात्री उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. तंबू आधी नेमका अशा खोलगटात होता, कारण ती जागा सपाट आणि देखणी होती. आता तो उताराच्या मध्यावर, झाडाच्या कडेला असतो. वर फांद्या असल्या की आकाशाकडे जाणारी उष्णता कमी होते. झाड निवडताना वाळलेल्या फांद्या आधी पाहायच्या. नवव्या महिन्यात हवा चौथ्याइतकीच थंड होती आणि ती सकाळी सहापर्यंत झोपली. एका थंड रात्रीची भीती मनात पुढचे कितीतरी महिने टिकते, म्हणून मी हेही उमेदीच्याच खात्यात धरतो.

आठवा आणि दहावा

आठव्या महिन्यात अंदाज स्वच्छ होता, तरी अकरा किलोमीटरवर दूर गडगडलं. ताई वळली आणि घरी आली. गडगडाट ऐकू येतो याचा अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आहोत. तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही, आणि झाडाखाली तर थांबूच नये. घरी आल्यावर ती हिरमुसली नाही, कारण राखीव तारीख कॅलेंडरवर होती. पुढच्या शनिवारी गेली. परत फिरण्यासाठी जागा असलेला नेम किती वेगळा वागतो, हे मला त्या दिवशी दिसलं. आधीच्या नेमात एकतर तिने धोका पत्करला असता किंवा पुन्हा वही मिटली असती.

दहाव्या महिन्याने आमच्यात वाद लावला. त्या आठवड्यात कामाचा वर्षअखेरीचा ताण होता, मुलगी तापातून नुकतीच उठलेली. निघताना वहीतला आकडा २, आजवरचा सगळ्यात कमी. ताई अठरा किलोमीटर गेली नाही. चार किलोमीटरवर मैत्रिणीच्या घरामागच्या अंगणात तिने तंबू लावला, साडेआठला झोपली, सकाळी साडेसहाला घरी.

“हा धरायचा नाही,” मी म्हणालो. “अंगणातला मुक्काम म्हणजे काय?”

“सायकल निघाली का?”

“निघाली.”

“रात्र बाहेर झाली का?”

“ताई, पण अंगण...”

“नेमात अंतर कधी होतं? तू घालतोयस ते.”

तिचं बरोबर होतं. आम्ही नेम पुन्हा वाचला: सायकल, बाहेरची एक रात्र, परत. अंतर, निसर्गसौंदर्य, एकांत यातलं काही त्यात लिहिलेलं नव्हतं. आणि किमान माप इतकं लहान असल्यामुळेच तो महिना वाचला. मी माझा आक्षेप मागे घेतला, पण एक अट सुचवली आणि तिने मान्य केली: अंगण लागोपाठ दोन महिने नाही. परतल्यावरचा आकडा होता ७. खाली ओळ: “मैत्रिणीशी रात्री कुंपणाशी उभं राहून अर्धा तास बोलले. सहा महिन्यांत भेटलो नव्हतो.”

आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा

सातव्यापासून तेराव्यापर्यंत निघण्याआधीचे आकडे असे आहेत: ३, ३, ४, २, ४, ५, ४. परतल्यावरचे: ८, ८, ७, ७, ९, ८, ८. आधीची सरासरी साडेतीनच्या थोडी वर, नंतरची आठच्या जवळ. (आठव्या महिन्याचे आकडे राखीव तारखेचे आहेत.)

हे एका बाईने स्वतःच दिलेले आकडे आहेत आणि त्यांच्यावर शंका घेतली पाहिजे. कष्ट घेऊन मिळवलेली गोष्ट माणसाला जास्त आवडल्यासारखी वाटते. एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी हे १९५९ साली प्रयोगाने दाखवलं होतं. ताईचे आठ-आठ त्यातूनही आले असतील. पण मग चौथ्या महिन्यात, सगळ्यात जास्त कष्ट झाले त्या रात्रीला, तिने पाचच दिले, आणि अंगणातल्या सोप्या रात्रीला सात. नुसत्या कष्टांच्या समर्थनाने हे नीट बसत नाही. दुसरा आधार बाहेरचा आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात एलिझाबेथ निस्बेट आणि जॉन झेलेन्स्की यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना बाहेर मोकळ्यावर चालायला पाठवलं, काहींना इमारती जोडणाऱ्या भुयारी वाटांनी. बाहेर चालून किती बरं वाटेल याचा अंदाज लोकांनी प्रत्यक्षापेक्षा कमी बांधला होता. ताईच्या वहीत पहिला महिना सोडला तर डावीकडचा, निघण्याआधीचा रकाना उजवीकडच्यापेक्षा सतत लहान आहे, तो याच जातीचा.

तिने मात्र या वहीचा वापर माझ्याही आधी ओळखला. निघण्याआधी आकडा लिहिताना ती मागचं पान उलटते आणि तेव्हाचा ‘आधी’ आणि ‘नंतर’ वाचते. “आज तीन वाटतंय ना,” ती स्वतःशी म्हणते, “मागच्या वेळीही तीनच वाटलं होतं.” मग पिशवी उचलते.

जाताना ती दोघांना जागा आणि परतीची वेळ कळवते, भाऊजींना आणि मला. पोचल्यावर एक संदेश, सकाळी निघताना एक. पाण्यापासून साठ मीटर तरी लांब राहते, आग पेटवत नाही, आणलेलं सगळं परत नेते. जमिनीचा मालक दर महिन्याला हो म्हणतो त्याला हेही कारण आहे.

चौदाव्या महिन्याची तारीख येत्या शनिवारी आहे. काल फोनवर मी विचारलं, एवढ्या महिन्यांनंतर आता तरी आतून ओढ वाटते का. ताईने थोडा विचार केला. “नाही रे,” ती म्हणाली, “निघण्याआधी अजूनही चारच वाटतं. आता त्याचं काही वाटत नाही. सूर्यास्त किती वाजता आहे शनिवारी, बघ जरा.”